आधी आयटम मास्टर उघडा, मग डेमोला बसा: आर्किटेक्चर आणि डेटा मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर कसं निवडायचं

३ सप्टेंबर २०२५ ला रात्री जीएसटी कौन्सिलचा निर्णय जाहीर झाला, २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू, आणि गाड्यांच्या पार्ट्सवरचा २८ टक्के सरसकट १८ वर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकणच्या एका पार्ट्सवाल्यांच्या अकाउंट्समधल्या मॅडमचा फोन आला, "सर, दर बदलायचाय ते कळलं, पण तो आपल्याकडे कुठंकुठं लिहिलाय?"

ऐकायला सोपा प्रश्न आहे. कागद घेऊन बसलो तर पहिल्या तासात चार जागा निघाल्या, बिलिंग, ईआरपीचा (कंपनीचं सगळं कामकाज चालवणारं सॉफ्टवेअर) आयटम मास्टर म्हणजे मालाची मुख्य यादी, डीलर पोर्टल आणि वेबसाइट. मग एकेक सुचत गेलं, सेल्सच्या मुलांच्या फोनमधली एक्सेल प्राइस लिस्ट, कोटेशनचा वर्ड फॉरमॅट ज्यात "२८ टक्के जीएसटी वेगळा" हे वाक्यच टाइप करून ठेवलेलं, वॉरंटी क्लेमचा एक छोटा प्रोग्रॅम जो लिहिणारा मुलगा नोकरी सोडून गेलाय आणि ज्याचा पासवर्ड फक्त स्टोअरच्या काकांना माहीत. चौथ्या दिवशी यादी अकरावर गेली. एकोणीस दिवस हातात होते त्यातले चार नुसते शोधण्यात गेले, दर बदलायला प्रत्यक्षात दीड दिवस लागला.

एंटरप्राइज आर्किटेक्चर आणि डेटा मॉडेलिंग ही नावं जड वाटतात पण त्यांचं काम हेच, "कुठंकुठं" या प्रश्नाचं उत्तर चार दिवसांऐवजी दहा मिनिटांत देणं. आणि बाजारात त्यासाठी इतकी सॉफ्टवेअर आहेत की माणूस डेमो बघूनच दमतो, म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे नीट समजून घ्या, कारण इथंच पैसे चुकीच्या जागी जातात. गावाकडची जमीन ज्यांची आहे त्यांना पटकन कळेल. डेटा मॉडेल म्हणजे सातबारा. एका गटाची नोंद, कुणाच्या नावावर, क्षेत्र किती, बोजा आहे का, पीक कुठलं. तसं डेटा मॉडेल सांगतं की आपल्याकडे "पार्टी" म्हणजे नेमकं कोण, तिच्या नोंदीत काय काय पाहिजे, एका पार्टीला किती पत्ते असू शकतात, एका बिलात किती आयटम. एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणजे गावनकाशा. कुठला गट कुणाच्या शेजारी, पाणंद कुठून जाते, विहिरीचं पाणी कुणाकुणाच्या रानात जातं. कंपनीत बघायचं तर कुठलं काम कुठल्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्या सॉफ्टवेअरला माहिती कुठून येते, पुढं कुठं जाते, ते कुठल्या सर्व्हरवर आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे. सातबारा आणि नकाशा दोन्ही लागतात पण भांडण कशावरून आहे त्यावर आधी काय काढायचं ते ठरतं. तिसरी गोष्ट म्हणजे फेरफार, तिच्याकडे शेवटी येतो, कारण माझ्या मते सगळा खेळ तिच्यावरच आहे.

आता सातबारा जरा जवळून बघू. या कंपनीच्या आयटम मास्टरमध्ये प्रत्येक आयटमच्या ओळीत एक कॉलम होता, "टॅक्स टक्के", त्यात २८. कुणीही म्हणेल की तिथं १८ करा, झालं काम. पण ऑगस्टमध्ये विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला तर क्रेडिट नोट २८ नेच करावी लागते कारण बिल २८ ने झालेलं, आणि मास्टरमध्ये तर आता १८ आहे, जुना आकडा पुसला गेला. मुळात दर हा आयटमचा गुणच नाही हो, तो एचएसएन कोड (माल कुठल्या प्रकारात मोडतो ते सांगणारा आकडा) आणि तारीख या दोघांचा मिळून असतो. म्हणून दराचं टेबल वेगळं पाहिजे, एचएसएन, दर, कधीपासून, कधीपर्यंत, आणि बिल करताना त्या दिवशीचा दर उचलून बिलाच्या ओळीत कायमचा लिहून ठेवायचा. हे एकदा कागदावर नीट मांडलं असतं तर २२ सप्टेंबरला ईआरपीमध्ये प्रत्येक एचएसएनची नवी ओळ घालून मोकळे झालो असतो. डेटा मॉडेलिंग म्हणजे एवढंच, कुठली गोष्ट कुणाची आहे ते ठरवणं.

दुसरं उदाहरण पार्टीचं. जीएसटीआयएन म्हणजे जीएसटीचा नोंदणी क्रमांक, तो पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकचे २९, गोव्याचे ३०, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, मग त्या पॅनचं त्या राज्यातलं कितवं रजिस्ट्रेशन ते, मग झेड, आणि शेवटचं अक्षर आधीची बरोबर आहेत का ते तपासायला. यांच्याकडे पार्टीच्या ओळीत जीएसटीआयएनचा एकच कॉलम होता. त्यामुळे कोल्हापूर आणि बेळगाव अशी दोन दुकानं असलेला एकच डीलर मास्टरमध्ये दोन पार्ट्या म्हणून बसला, आणि दोघांना दोन-दोन लाखांचं क्रेडिट, म्हणजे माणूस एक आणि उधारी चार लाखांची, कुणाच्या लक्षातही नाही. खरं पाहिजे होतं ते असं की वर पॅनवाली पार्टी, उधारीची मर्यादा तिला, तिच्याखाली रजिस्ट्रेशन जितकी असतील तितकी, आणि प्रत्येक रजिस्ट्रेशनखाली माल उतरवायचे पत्ते.

हे चित्र काढायची पद्धत जुनी आहे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये टेबलांत माहिती मांडायची कल्पना दिली आणि १९७६ मध्ये पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांच्यातली नाती चौकोन-रेषांनी दाखवायची रीत मांडली, तेच आजचं ईआर डायग्राम. रेषेच्या टोकाला कावळ्याच्या पायासारखी तीन बोटं दिसली की समजायचं त्या बाजूला "अनेक" आहेत, त्याला क्रोज फूटच म्हणतात. मॉडेलचे तीन थर असतात, कन्सेप्चुअल म्हणजे मालकाला कळेल अशा भाषेत, लॉजिकल म्हणजे सगळे कॉलम आणि नाती, फिजिकल म्हणजे प्रत्यक्ष डेटाबेसमध्ये कसं बसणार ते. छोट्या कंपनीत पहिला थर सगळे उडवतात आणि थेट टेबलं बनवायला घेतात, आणि मला वाटतं वर सांगितलेल्या दोन्ही चुका तिथूनच येतात, कारण "पार्टी म्हणजे कोण" हा प्रश्न प्रोग्रॅमरला विचारून उपयोग नसतो, तो उधारी वसूल करणाऱ्याला विचारायचा असतो.

आर्किटेक्चरच्या बाजूला नावं बरीच ऐकू येतील. जॉन झॅकमन यांची चौकट १९८७ ची, टोगॅफ १९९५ पासून आहे आणि ती ओपन ग्रुप ही संस्था सांभाळते, आर्किमेट ही चित्रभाषा नेदरलँड्समध्ये जन्मली आणि २००९ मध्ये ओपन ग्रुपचं स्टँडर्ड झाली. आपल्याकडे सरकारी खात्यांसाठी केंद्राच्या आयटी मंत्रालयानं २०१८ मध्ये इंडिया (IndEA, म्हणजे इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर) म्हणून अशीच चौकट काढली, तिचं स्पेलिंग देशाच्या नावापेक्षा वेगळं आहे एवढंच. हे सगळं वाचायला घेऊ नका लगेच. तुम्हाला यातून एकच गोष्ट उचलायची आहे, काम, सॉफ्टवेअर, माहिती आणि मशीन हे चार थर वेगळे नोंदवायचे आणि त्यांच्यातले धागे जोडायचे. बाकी चौकटी सरकारी टेंडर किंवा परदेशी कस्टमर मागेल तेव्हा बघता येतात.

आता सॉफ्टवेअर. पहिला फरक ड्रॉइंग टूल आणि रिपॉझिटरी यांच्यातला, आणि हा फरक डेमोत मुद्दाम विचारल्याशिवाय दिसत नाही. ड्रॉ आयओ किंवा व्हिजिओमध्ये तुम्ही चौकोन काढून त्यात "बिलिंग" लिहिलं की तो फक्त चौकोन असतो. दहा चित्रांत बिलिंगचे दहा चौकोन, एकमेकांशी संबंध नाही. रिपॉझिटरीवाल्या टूलमध्ये "बिलिंग" ही एकच नोंद असते आणि ती दहा चित्रांत दिसते. परीक्षा सोपी आहे, एका चित्रात नाव बदला आणि दुसरं चित्र उघडून बघा. तिथं आपोआप बदललं तर रिपॉझिटरी, नाही तर चित्रकला. मग पुढचा प्रश्न विचारा, "चित्र न काढता सांग, हा सर्व्हर रविवारी बंद ठेवला तर कुठली कामं थांबतील?" यादी आली तर पुढं बोला. ड्रॉइंग टूल वाईट नाही हं, मालकाला भिंतीवर लावायला चित्र पाहिजे तर ड्रॉ आयओ फुकट आणि झकास आहे, फक्त त्याच्याकडून "कुठंकुठं"चं उत्तर मागू नका.

डेटा मॉडेलिंगमध्ये सुरुवात फुकटात होते. चालू डेटाबेसला डीबीव्हर हे टूल जोडलं की टेबलांचं चित्र समोर येतं. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर वर्कबेंच आहे, चित्रावरून टेबलं बनवतं आणि टेबलांवरून चित्रही. ओरॅकलचं एसक्यूएल डेव्हलपर डेटा मॉडेलर फुकट आहे आणि ते ओरॅकलशिवाय दुसरे काही डेटाबेसही वाचतं. पोस्टग्रेससाठी पीजीमॉडेलर आहे, त्याचा कोड खुला आहे पण तयार इन्स्टॉलरला पैसे पडतात. डीबीडायग्रामवर तर तुम्ही साध्या मजकुरात टेबलं लिहिता आणि बाजूला चित्र उमटतं, प्रोग्रॅमर लोकांना ते आवडतं कारण मजकूर गिटमध्ये ठेवता येतो, कुणी कधी काय बदललं ते दिसतं. मोठ्या बाजूला अर्विन, पॉवरडिझायनर, ईआर स्टुडिओ. यांचे पैसे कशाचे, तर लॉजिकल मॉडेल आणि प्रत्यक्ष डेटाबेस यांची तुलना करून फरक दाखवणं, नावांचे नियम पाळायला लावणं, सगळ्या कंपनीचा एक शब्दकोश ठेवणं, पाच वेगवेगळे डेटाबेस एका मॉडेलखाली आणणं. हे तुम्हाला लागतंय का ते बघा. एकच डेटाबेस आणि दोन प्रोग्रॅमर असतील तर नाही लागत.

एक गोष्ट डेमोवाले स्वतःहून सांगत नाहीत म्हणून इथं सांगतो. चालू डेटाबेसवरून चित्र बनवायला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात, आणि डेमोमध्ये ते जादूसारखं दिसतं कारण डेमोच्या डेटाबेसमध्ये टेबलांची नाती व्यवस्थित लिहिलेली असतात. तुमच्या ईआरपीत बऱ्याचदा ती डेटाबेसमध्ये लिहिलेलीच नसतात, प्रोग्रॅमच्या आत असतात. मग टूल जोडल्यावर शेकडो चौकोन येतात आणि रेष एकही नाही. टूलची काही चूक नाही यात, नाती त्याला दिसतच नाहीत. म्हणून ट्रायलमध्ये पहिल्या दिवशी स्वतःचा डेटाबेस जोडा, त्याची कॉपी घ्या, चालू डेटाबेसला हात लावू नका, आणि रेषा किती येतात बघा. नाही आल्या तर ती हातानं भरायला किती सोपं आहे हे टूलचं खरं मोजमाप, कारण तुमचे पहिले दोन महिने त्यातच जाणार आहेत.

आर्किटेक्चरवाल्या टूलमध्ये आर्ची फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, मुख्यतः आर्किमेट भाषेत काढतं, आणि शिकायला माझ्या अनुभवात एक आठवडा पुरतो. ऑस्ट्रेलियातल्या स्पार्क्सचं एंटरप्राइज आर्किटेक्ट हे विंडोजवरचं अवजड पण दणकट टूल आहे, त्यात सॉफ्टवेअर डिझाइनपासून डेटाबेसपर्यंत सगळं बसतं, मोठ्यांच्या मानानं लायसन्स स्वस्त, पण शिकवायला माणूस लागतो, नुसतं घेऊन ठेवलं तर कुणी उघडत नाही. मग लीनआयएक्स, आर्डॉक, बिझडिझाइन, होपेक्स ही मोठी मंडळी. लीनआयएक्स आणि आर्डॉकसारखी ब्राउझरमध्ये चालणारी टूल चित्रापेक्षा फॉर्मवर जास्त भर देतात, प्रत्येक सॉफ्टवेअरच्या मालकाला ईमेलनं प्रश्नावली जाते, तो भरतो, आणि रिपोर्ट तयार होतो. हे मला मनापासून पटतं कारण खरी माहिती आयटीवाल्याकडे नसतेच, ती डिस्पॅचच्या माणसाकडे असते आणि तो काही आर्किमेट शिकणार नाही. किंमत लावायच्या पद्धती वेगळ्या असतात, कुणी वापरणाऱ्या माणसांवर लावतं, कुणी नोंदवलेल्या अ‍ॅप्लिकेशनवर, तेव्हा तीन वर्षांनी आपण किती मोठे असू तो आकडा देऊन कोटेशन मागा, आजचा देऊन नको.

आणि मालक बदलतात हे लक्षात असू द्या. अर्विन लॉजिक वर्क्सकडून प्लॅटिनमकडे गेलं, मग सीए (कॉम्प्युटर असोसिएट्स) या कंपनीकडे, मग २०१६ मध्ये वेगळी कंपनी झाली, २०२१ मध्ये क्वेस्टनं घेतली. पॉवरडिझायनर मूळचं फ्रान्समधलं, ते पॉवरसॉफ्टकडे, तिथून सायबेसकडे आणि २०१० मध्ये सायबेसच सॅप या जर्मन कंपनीनं विकत घेतली. लीनआयएक्स २०१२ मध्ये जर्मनीतल्या बॉनमध्ये सुरू झालं, २०२३ मध्ये तेही सॅपकडे. यात वाईट काही नाही, पण नवा मालक आला की किंमत, सपोर्ट, पुढच्या योजना सगळं बदलू शकतं, आणि तुमची दोन वर्षांची मेहनत त्या टूलच्या पोटात असते. म्हणून घ्यायच्या आधी बाहेर पडून बघा. ट्रायलमध्ये वीस नोंदी भरा आणि सगळं बाहेर काढा, आर्किमेट असेल तर त्याची एक ठरलेली एक्सचेंज फाइल आहे, डेटा मॉडेल असेल तर टेबलं बनवायचा एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला द्यायच्या सूचना, आणि काहीच नाही तर निदान एक्सेल. मग ती फाइल दुसऱ्या टूलमध्ये उघडा. नात्यांसकट उघडली तर ठीक, नुसती नावं आली आणि धागे गळले तर तो मुद्दा कोटेशनच्या टेबलावर मांडा.

ट्रायलला काय घेऊन जायचं? आपला सगळ्यात घाण आयटम मास्टर. या कंपनीत एकच बेअरिंग, ६२०४, आतला व्यास २० मिमी, बाहेरचा ४७, रुंदी १४, सात कोडखाली होतं. "बेअरिंग ६२०४", "बेअरींग ६२०४ झेडझेड", "६२०४-२झेड", "बीआरजी ६२०४", अशी. झेडझेड आणि २झेड एकच, दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, कंपनीगणिक लिहायची पद्धत वेगळी, पण २आरएस म्हणजे रबरी सील, ते खरंच वेगळं, ते एकत्र करून चालणार नाही. हा फरक स्टोअरचे काका झोपेत सांगतील, सॉफ्टवेअर नाही सांगणार. तर टूलमध्ये "आकार" आणि "झाकणाचा प्रकार" हे वेगळे गुण म्हणून मांडता येतात का, सात नावं एका आयटमखाली पर्यायी नावं म्हणून ठेवता येतात का, आणि काकांना स्क्रीन दाखवली तर त्यांना कळतं का, या तीन प्रश्नांवर दोन टूल आमच्या यादीतून पहिल्याच दिवशी गेली.

वैयक्तिक माहितीचाही विचार करा. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि सुरक्षेची काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. कस्टमरचा मोबाइल नंबर कुठल्या टेबलात, कुठल्या एक्सेलमध्ये, कुठल्या एसएमएस पाठवणाऱ्या एजन्सीकडे जातोय हे सांगता आलं पाहिजे, तेव्हा कॉलमवर "वैयक्तिक" असा टॅग लावून त्याचा माग काढता येतो का ते विचाराच. आणि हा नकाशा चोराच्या हाती पडला तर त्याला घर शोधायची गरजच राहणार नाही, त्यामुळे तो कोण बघू शकतो याचे अधिकारही टूलमध्ये पाहिजेत.

आता फेरफार. जमीन विकली, वाटणी झाली, वारस लागले की तलाठ्याकडे नोंद होते, म्हणून सातबाऱ्याला किंमत आहे. नोंदच झाली नाही तर तो नुसता जुना कागद. कंपनीत नवं सॉफ्टवेअर आलं, जुनं बंद झालं, नवा कॉलम वाढला, एखाद्यानं नवी एक्सेल सुरू केली, हे सगळे फेरफार आहेत आणि ते कोण नोंदवणार हे ठरल्याशिवाय कुठलंही टूल घेऊ नका. मी महागडं टूल सहा महिन्यांत शिळं झालेलं पाहिलंय आणि गूगल शीटवर पाच वर्षं चोख चाललेलं काम पण पाहिलंय. माणसाचं नाव ठरवा, आठवड्यातले दोन तास त्याच्या कामात लिहून द्या, आणि परचेसमध्ये नियम करा की नकाशात नोंद असल्याशिवाय कुठल्याही सॉफ्टवेअरचं बिल पास होणार नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात जास्त चालतो.

वीस-तीस माणसांची कंपनी, बिलिंगचं एक सॉफ्टवेअर आणि चार एक्सेल असतील तर काहीच विकत घेऊ नका. एक शीट करा, सॉफ्टवेअरचं नाव, कशासाठी, कोण सांभाळतं, रिन्युअल कधी, कुठली माहिती आत आहे, ती कुठून येते, कुठं जाते. दोन दिवसांचं काम आहे. पन्नासेक अ‍ॅप्लिकेशन झाली, दोन-तीन प्लांट झाले, तीन माणसं एकाच वेळी नकाशा बदलायला लागली की मग रिपॉझिटरी टूलचा विचार करा.

चाकणवाल्यांनी शेवटी एक रुपयाचंही लायसन्स घेतलं नाही, आर्ची, डीबीव्हर आणि ती शीट, आणि तलाठी म्हणून त्या अकाउंट्सच्या मॅडमच बसल्या, दर सोमवारी दोन तास. पार्टीचं टेबल नव्या पद्धतीनं बसवायला दोन महिने गेले. मध्ये त्या कोल्हापूरवाल्या डीलरनं गोव्यात वेर्ण्याला गोडाऊन घेतलं आणि ३० ने सुरू होणारा नवा जीएसटीआयएन पाठवला. मॅडमनी त्याच पॅनखाली रजिस्ट्रेशनची एक ओळ वाढवली, पुढच्या बिलावर आयजीएसटी म्हणजे दुसऱ्या राज्यात विकलेल्या मालावरचा जीएसटी आपोआप लागला, आणि उधारीची मर्यादा होती तेवढीच राहिली, दोन लाख.